दुसरा कप

"फोटोत यानं चष्मा लावलेला नाही," लेनोर म्हणाली आणि टोस्टवर मुरंबा पसरू लागली. "वाचताना किती मजेशीर दिसतो तो. चष्मा पार नाकाच्या शेंड्यावर आणि डावा डोळा गच्च मिटलेला."

आल्डन प्रूइट उकडलेल्या अंड्याचं टोक सुरीनं उडवत होता. सुरी अर्ध्यात थांबली, मग पुढे सरकली. लेनोरनं पेपर खिडकीकडे धरून जरा कलता केला होता. फोटो कॉनरॅड हॅस्लमचा होता, जुना, दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच काढलेला असावा. "खाली काय लिहिलंय ते वाच ना," ती म्हणाली. "माझे हात चिकट झालेत." त्यानं पेपर घेतला आणि वाचलं, की परदेशात अमेरिकन पुस्तकं पोचवणाऱ्या सरकारी खात्याच्या प्रमुखपदासाठी न्यूयॉर्कचे संपादक कॉनरॅड हॅस्लम यांचं नाव पुढे असल्याचं वॉशिंग्टनमध्ये बोललं जातं, लढाईच्या काळात मानसशास्त्रीय युद्धविभागात त्यांनी मोलाची कामगिरी बजावली होती. त्याचा आवाज सरळ होता. बैठकीत विक्रीचे आकडे वाचताना असायचा तसाच.

"अरे वा," लेनोर म्हणाली. आणि मग थोड्या वेळानं, "तुला वाईट वाटलं?"

"छे. त्यानं मेहनत केलीय."

तो उठला, कोट घातला, तिच्या कपाळावर ओठ टेकवले आणि खाली उतरला. ऑक्टोबर होता. लेक्सिंग्टनवर ऊन होतं पण त्यात ऊब नव्हती, आणि समोरच्या फुटपाथवर एक माणूस फळांच्या दुकानाची कापडी छपरी आकड्यानं खाली ओढत होता. आल्डनला वाटलं होतं की आपल्या मनात वॉशिंग्टनचा विचार असेल. त्याच पदासाठी सबंध उन्हाळा त्यानं तिथल्या फोनची वाट पाहिली होती. सुट्टीसाठी दोघं मेनच्या किनाऱ्यावर गेले तेव्हाही त्यानं घराच्या मालकिणीला तीनतीनदा बजावलं होतं की मी होडीत असलो तरी मला हाक मारा. म्हणजे आता मनाला लागायला हवी होती ती ही बातमी. पण बातमी बाजूला राहिली होती. चालता चालता त्याच्या डोळ्यांपुढे सारखा येत होता तो मिटलेला डावा डोळा.

कॉनरॅडनं चष्मा घेतला तो वसंतात. हे ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं. कॉनरॅडला आपल्या दिसण्याची काळजी होती. त्रेचाळिसाव्या वर्षीही तो जिना दोन दोन पायऱ्यांनी चढायचा आणि वर पोचल्यावर धाप लपवायचा. बैठकीत हस्तलिखिताचं पान पुढे आलं की तो ते शेजारच्याकडे सरकवायचा, "तुम्हीच वाचा, तुमचा आवाज चांगला आहे." आल्डनला कळलं ते केवळ योगायोगानं. एकदा दार न ठोठावता तो आत गेला आणि कॉनरॅडनं नाकावरची कसलीशी वस्तू खणात टाकून खण पोटानं बंद केला, शाळकरी पोरानं सिगारेट लपवावी तसा. दोघंही त्यावर काही बोलले नाहीत. तर मग लेनोरला चष्मा कसा ठाऊक? आणि नुसता चष्मा नव्हे. चष्मा कुणाच्या बोलण्यातून कळू शकतो. मिटलेला डोळा कळायचा तर माणसाच्या समोर, जवळ, उजेडात बसावं लागतं. तो वाचत असताना बसावं लागतं, आणि त्यानं तुमच्यापासून लपवणं सोडून दिलेलं असावं लागतं.

तिथल्या तिथे विचारता आलं असतं. 'तू कुठे पाहिलास?' एवढंच. पण त्यानं विचारलं नाही, आणि का विचारलं नाही हे त्याला चांगलं ठाऊक होतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

सिग्नलपाशी थांबला असताना त्याला जाणवलं की आपण हे सगळं हाताळतो आहोत ते जुन्या कारागिराच्या हातांनी. एक बारीकसा तपशील, पडताळून पाहता येईल असा, ज्याचा मूळ मुद्द्याशी काही संबंध नाही. आणि त्याच्या शेजारी रिकामी जागा. लढाईत, लक्झेंबर्गच्या एका डोंगरउतारावरच्या बंगल्यात, जिथे तळघरात छपाईयंत्र धडधडायचं आणि वरच्या मजल्यावरच्या कपांतली कॉफी थरथरायची, तिथे त्यानं बारा-पंधरा हुशार माणसांना हेच शिकवलं होतं. कुणी जाहिरातीतून आलेला, कुणी वर्तमानपत्रातून, एक तर कॉलेजात ग्रीक शिकवणारा. पहिल्या दिवशी सगळे मोठमोठी वाक्यं लिहून आणायचे. आल्डन ती वाक्यं खोडायचा. "खोटं लिहू नका," तो म्हणायचा. "खोटं पकडलं जातं. आणि शपथेवर सांगून खरंही लिहू नका, ते कुणी वाचत नाही. समोरच्या सैनिकाला माहीत असलेली एक गोष्ट सांगा आणि गप्प बसा. उरलेलं तो लिहील. तो स्वतःसाठी लिहील ते तुमच्यापेक्षा चांगलं असेल." मग जर्मन सैनिकांसाठी छापलेली ती पत्रकं तोफगोळ्यांच्या पोकळ पोटात गुंडाळून भरली जायची आणि समोरच्या खंदकांवर जाऊन फुटायची.

कॉनरॅड त्यांतला सर्वांत तरुण. मिलवॉकीचा, घरी आई जर्मन बोलायची, म्हणून त्याला उचलला होता. एका दुपारी जेवणाच्या टेबलावर त्यानं पेन्सिलीनं चित्र काढलं: एक स्वयंपाकघर, खिडकीत कुंडी, टेबलावर दोन कप. एका कपातून वाफ निघते आहे. एक खुर्ची मागे सरकवलेली. खाली त्यानं जर्मनमध्ये सात-आठ ओळी लिहिल्या होत्या, की तू इथे चिखलात असताना तुझी बायको कारखान्यातल्या मुकादमाबरोबर वगैरे. आल्डननं चित्र बराच वेळ पाहिलं. चित्र पाहताना त्याला जे झालं त्याला नाव द्यायला तो त्या वेळी तयार नव्हता. आपल्याला हे सुचलं नसतं. इतकं साधं होतं. त्यानं पेन्सिल घेतली आणि मुकादम खोडला. कारखाना खोडला. बायकोही खोडली. शेवटी एकच प्रश्न ठेवला: दुसरा कप कुणाचा?

"तू तर माझं सगळंच खाल्लंस, बाबा," कॉनरॅड म्हणाला होता.

"मी जागा केली," आल्डन म्हणाला.

पुढे सरकारनं छापलेल्या इतिहासात त्या पत्रकाखाली आल्डन प्रूइटचं नाव आलं आणि पदकाच्या मानपत्रातही त्याचा उल्लेख झाला. कॉनरॅडनं कधी तक्रार केली नाही. लढाईनंतर आल्डन दोन वर्षं फ्रँकफर्टला राहिला, कोणत्या जर्मन प्रकाशकानं पुन्हा पुस्तकं काढायची आणि कोणी नाही हे ठरवत. परत आल्यावर वॉशिंग्टनच्या समित्यांवर बसला, आणि न्यूयॉर्कच्या या प्रकाशनसंस्थेत उपाध्यक्ष झाला तेव्हा त्यानंच कॉनरॅडला बोलावून घेतलं. चित्राचा विषय दोघांत कधी निघाला नाही. पण कॉनरॅडनं एखादं पुस्तक उचललं आणि ते चाललं, की आल्डनच्या मनात पहिल्यांदा यायचा तो वाफ निघणारा कप. आणि या सहा-सात वर्षांत कॉनरॅडची पुस्तकं बहुतेक चालली होती.

लिफ्टपाशी कॉनरॅड उभा होता. हॅट मागे ढकललेली, काखेत हस्तलिखित.

"पेपर पाहिलास ना," तो म्हणाला. "आता शिव्या घाल आणि मोकळा हो."

"अभिनंदन करणार होतो."

"त्यापेक्षा शिव्या परवडतात. हे बघ, मी कुणाच्या दारात गेलो नव्हतो. त्यांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, नंबर चुकला. म्हटलं, तुम्हाला प्रूइट हवा असेल, तो दोन दारं सोडून बसतो."

"मग ते काय म्हणाले?"

"म्हणाले, प्रूइट आम्हाला माहीत आहेत." कॉनरॅड हसला, मग आपल्या हसण्याचा काय अर्थ होतो हे लक्षात येऊन थांबला. लिफ्ट आली. आत शिरताना तो म्हणाला, "लेनोर कशी आहे?"

लिफ्टच्या दाराची जाळी सरकली. आल्डननं पितळी पट्टीवर नजर ठेवली. कॉनरॅड हा प्रश्न गेली कित्येक वर्षं विचारत आला होता, इतक्याच सहज. पण आज त्यात काहीतरी अधिक होतं. 'कशी' या शब्दावर तो किंचित रेंगाळला होता, आजारी माणसाबद्दल विचारावं तसा. का आपणच ते रेंगाळणं आता आत घातलं? "बरी आहे," आल्डन म्हणाला. "सकाळी तुझ्याबद्दलच बोलत होती."

कॉनरॅडनं चटकन त्याच्याकडे पाहिलं. "काय बोलत होती?"

"फोटो जुना आहे म्हणाली."

कॉनरॅडचा चेहरा सैल पडला. हेही आल्डननं टिपलं.

अकराच्या सुमारास त्याची सेक्रेटरी मिस ऑर्बॅक हिनं दार किलकिलं करून सांगितलं की सरकारकडून कुणी मिस्टर टॉलिव्हर आलेत, मिस्टर हॅस्लमबद्दल दोन शब्द बोलायचेत म्हणतात. असे लोक आजकाल सगळीकडे फिरत होते. कुणाला सरकारी काम मिळायचं म्हटलं की त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची, जुन्या मास्तरांची, वरिष्ठांची दारं ठोठावली जायची. टॉलिव्हर तिशीचा असेल. बसल्यावर त्यानं हॅट गुडघ्यावर ठेवली आणि तिच्या कडेवरची धूळ बोटानं काढली. तो मान तुकवून, अदबीनं विचारत होता. किती वर्षांची ओळख? काम कसं? राजकीय मतं? आल्डननं सगळ्याची उत्तरं दिली, आणि ती चांगली दिली. कॉनरॅडच्या देशप्रेमाबद्दल शंका घेणाऱ्याला मी खोलीबाहेर काढीन, असं तो म्हणाला. म्हणताना ते त्याला मनापासून वाटत होतं. इतकं, की त्याला स्वतःबद्दल बरं वाटलं.

"आता हे सगळ्यांनाच विचारावं लागतं, सर," टॉलिव्हर म्हणाला. "दारू, जुगार, बायका. म्हणजे उद्या कुणाला त्यांच्यावर दबाव आणता येईल असं काही. वागणुकीत वगैरे."

खिडकीबाहेर समोरच्या इमारतीत एक टायपिस्ट केस सावरत होती. आल्डनला आपल्या छातीतला ठोका कानात ऐकू आला. तो मोजून पाहण्याइतका स्पष्ट होता आणि मुळीच जलद नव्हता. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. कॉनरॅड एकटा राहत होता, लग्न मोडून बरीच वर्षं झाली होती, तिसऱ्या पेल्याला हात लावत नव्हता. 'नाही' हे खरं होतं. पण खरं म्हणजे कुणाचं? टेबलाच्या या बाजूला बसलेल्या माणसानं आज सकाळी काय ऐकलं होतं? टोस्ट, मुरंबा, नाकाचा शेंडा. नंतर त्याला आठवलं की 'नाही' म्हणायला त्यानं तोंड उघडलंही होतं.

"त्यांच्या खासगी आयुष्याबद्दल," तो म्हणाला, "मला विचारू नका, एवढीच विनंती. मी लग्न झालेला माणूस आहे."

टॉलिव्हरची पेन्सिल थांबली. त्यानं मान वर केली नाही. "बरं, सर," तो म्हणाला, आणि आवाज आणखीच हळू झाला. "समजलं."

काय समजलं, हे आल्डननं विचारलं नाही. वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. टॉलिव्हरला त्यानं लिफ्टपर्यंत पोचवलं, परत येऊन बसला आणि वाक्य मनात पुन्हा उलगडलं. एखादा सुतार सांध्यावरून अंगठा फिरवतो तसं. कुठे उंचवटा लागला नाही. ते त्यानं आजवर केलेलं सर्वांत चांगलं काम होतं, आणि हे मनात येताच त्यानं उठून खिडकी उघडली.

दुपारी त्यानं क्लबात एका लेखकाला जेवायला नेलं. लेखक आपल्या नव्या पुस्तकाबद्दल बोलत राहिला. आल्डन ऑयस्टर गिळत मान हलवत होता आणि हांकेचा विचार करत होता. हांके हा जर्मन सैनिक, मूळचा कासेलचा फरशा बसवणारा. पंचेचाळीसच्या फेब्रुवारीत तो ओढा ओलांडून आला, हात वर करून, आणि झडती घेतली तेव्हा त्याच्या बुटात दुमडलेलं पत्रक निघालं. कैद्यांना पत्रकाबद्दल काय वाटलं हे विचारण्याची पद्धत होती. आल्डन आणि कॉनरॅड दोघं समोर बसले. हांकेनं पत्रक टेबलावर सपाट केलं आणि कुंडीवर बोट ठेवलं. "ही खिडकी डावीकडे आहे," तो म्हणाला. "माझ्या घरीही डावीकडेच. तुम्हाला कुणी सांगितलं?" कॉनरॅड म्हणाला, कुणी नाही. "कपांना निळी कड आहे, ती छापली नाहीत तुम्ही. पण आकार तोच. आता उरलेलं सांगा. मी कैदी आहे, आता काय बिघडतं. कोण तो?" कॉनरॅडचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं जर्मनमध्ये, त्याच्या आईच्या खेडवळ जर्मनमध्ये, हळूहळू सांगितलं की अहो, ते माझ्या आईचं स्वयंपाकघर आहे. मिलवॉकीचं. एक कप आईचा, एक माझा. मी शाळेला निघायचो तेव्हा खुर्ची तशीच सोडून जायचो, त्यावरून ती ओरडायची. बाकी काही नाही. मी स्वतः काढलंय ते.

हांकेनं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं टेबलावरून हात लांब करून कॉनरॅडच्या मनगटावर थोपटलं. "तुम्ही भले आहात," तो म्हणाला. "मला वाईट वाटू नये म्हणून सांगताय."

त्या संध्याकाळी कॉनरॅड जेवला नाही. आल्डननं अहवालात लिहिलं: परिणाम उत्तम.

संध्याकाळी घरी आला तेव्हा लेनोर दिवाणखान्यात दिवा न लावता बसली होती. तिनं त्याच्यासाठी शेरी ओतली. ओतताना बाटलीचं तोंड पेल्याच्या काठावर टेकवून ठेवलं होतं आणि तरी थोडी ट्रेमध्ये सांडली. ती थकलेली दिसत होती. छान दिसत होती. तिच्या गळ्यातली बारीक साखळी नवीन आहे का जुनी, हे त्याला आठवेना. इतकी वर्षं शेजारी झोपणाऱ्या बाईच्या गळ्यातली साखळी आपल्याला ओळखू येत नाही, आणि तिला परक्या पुरुषाचा मिटलेला डोळा ठाऊक आहे. त्याला टॉलिव्हर आठवला, त्याची थांबलेली पेन्सिल आठवली, आणि त्याच्या ध्यानात आलं की आता लेनोरचं काहीतरी असायलाच हवं. असलं नाही तर आपण सकाळी काय केलं?

"कॉनरॅडचा चष्मा तू कुठे पाहिलास?"

लेनोर बाटलीला बूच बसवू लागली. त्यात तिनं इतका वेळ काढला की त्याला आत एक गलिच्छ समाधान उमलताना जाणवलं.

"मी सांगणारच होते," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"मे महिन्यापासून." तिनं पेला खाली ठेवला. आधी बोटांनी टेबल चाचपून. "डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. तो नवा चष्मा तपासून घ्यायला आला होता आणि मी बाहेर बाकावर बसले होते. डॉक्टरांनी नुकतंच मला सांगितलं होतं. काचबिंदू आहे, आल्डन. दोन्ही डोळ्यांत. डाव्यात जास्त."

त्यानं ऐकलं. शब्द कळले.

"तो शेजारी येऊन बसला. मी रडत होते. त्यानं काय झालं वगैरे विचारलं नाही. मासिक उचललं, चष्मा लावला आणि मला एक भिकार गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवली. चष्मा नवाच होता त्याचा, डावा डोळा अजून त्या भिंगाला सरावला नव्हता, म्हणून मिटून वाचत होता. इतका वेडा दिसत होता. मला हसू आलं. मग मी सांगितलं त्याला." ती थांबली. "आणि शपथ घातली की तुला सांगायचं नाही. त्याला म्हटलं, चष्म्याचं मी सांगणार नाही, माझ्या डोळ्यांचं तू सांगू नकोस. सकाळी माझ्याच तोंडून निसटलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू फोनची वाट पाहत होतास. वॉशिंग्टन. मी सांगितलं असतं तर तू मोठ्या मनानं नाही म्हणाला असतास, आणि मग उरलेला जन्म ते मोठं मन मला रोज जेवणाबरोबर वाढलं असतंस."

ते इतकं बरोबर होतं की त्याला राग आला. "पण त्याला सांगितलंस."

"तो तिथं होता, रे."

तिनं पर्समधून थेंबांची बाटली काढून त्याच्या हातात दिली. त्यानं दिवा लावला. बाटलीवर डॉक्टरांचं नाव होतं, तिचं नाव होतं, मे महिन्याची तारीख होती. तिनं सांगितलं की लोकांना वाटतं, दिसेनासं होतं म्हणजे काळं दिसतं. तसं नसतं. जिथं दिसत नाही तिथं मेंदू आजूबाजूचं पाहून भरून काढतो. भिंत असली तर भिंत, टेबल असलं तर टेबल. म्हणून कळतच नाही आपल्याला. कडेवरून काही अचानक समोर आलं की दचकायला होतं, तेवढंच. ती हे सगळं शांतपणे सांगत होती, एखाद्या नातेवाइकाची खबर द्यावी तशी. तो मान हलवत होता. त्याला आठवत होतं: पेपर खिडकीकडे धरणं, चिकट हात, जिन्यात कठडा न सोडणं, गेल्या महिन्यात नाटकाला नको म्हणणं. सगळं जुळत होतं. त्यानं तिला जवळ घेतलं. तिचे केस त्याच्या हनुवटीला लागले. ती आता रडत होती, आणि ते रडणं खरं होतं. त्याच्या डोळ्यांतही पाणी आलं. आणि तिच्या डोक्यावरून समोरच्या अंधाऱ्या खिडकीकडे पाहत असताना त्याच्या मनात आलं की बाटली, नाव, तारीख. पडताळून पाहता येईल असा तपशील. किती नेमका आहे.

त्यानं तो विचार दाबला. दाबला तरी तो कुठे गेला नाही. भली आहे, त्याला वाटलं. मला वाईट वाटू नये म्हणून सांगते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात जाताच त्यानं टॉलिव्हरला फोन लावला. दार स्वतः बंद केलं.

"कालच्या बाबतीत," तो म्हणाला. "माझ्या बोलण्याचा गैरसमज व्हायला नको. हॅस्लमच्या खासगी आयुष्याबद्दल मी काहीच बोललो नव्हतो."

"बरोबर आहे, सर. काहीच बोलला नाहीत. मी तसंच लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

"हेच, की त्या विषयावर बोलायला नकार दिला."

"मग आता लिहा, की मी बोलतो. त्यात बोलण्यासारखं काहीही नाही. माणूस स्वच्छ आहे."

पलीकडे टॉलिव्हरनं घसा साफ केला. "साहजिक आहे, सर," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरचा जिव्हाळा होता. "जुने दोस्त तुम्ही. असं रात्रभर विचार करून फोन करणारे बरेच असतात. तुमचा फोन आला होता हेही लिहून ठेवतो."

आल्डननं फोन खाली ठेवला. लक्झेंबर्गमध्ये एकदा वरून हुकूम आला होता की एका पत्रकात चूक झाली आहे, तेव्हा दुरुस्तीचं पत्रक टाका. आल्डननं तो हुकूम फिरवला होता. पहिलं पत्रक अर्ध्या लोकांनी वाचलेलं नसतं, त्यानं वरिष्ठांना समजावलं होतं, आणि ज्यांनी वाचलेलं असतं त्यांना दुरुस्ती वाचून खात्री पटते. वरिष्ठांनी त्याचं कौतुक केलं होतं.

नोव्हेंबरात पेपरात आलं की त्या खात्यावर ओहायोच्या एका कॉलेजच्या ग्रंथपालाची नेमणूक झाली आहे. ते आल्डननंच लेनोरला वाचून दाखवलं. आता तो रोज सकाळी तिला पेपर वाचून दाखवायचा, आणि कॉफी ओतून कप तिच्या उजव्या हाताच्या वाटेत ठेवायचा. "बिचारा कॉनरॅड," ती म्हणाली. "त्याला बोलाव ना एकदा जेवायला." तो म्हणाला, बोलावतो.

त्याच दुपारी कॉनरॅड त्याच्या खोलीत आला आणि न विचारता बसला. त्यानं चष्मा लावला होता. सगळ्या ऑफिसातून तो तसा चालत आला असणार.

"मला बातमी आधीच कळली होती," तो म्हणाला. "वॉशिंग्टनच्या एका मित्रानं कानावर घातली. म्हणाला, तुझ्या चौकशीत काही वाईट निघालं नाही. कुणी काही बोललंच नाही. म्हणूनच ते पद गेलं." त्यानं आल्डनच्या टेबलावरचा कागद सहज उचलला, चष्मा नाकाच्या शेंड्याकडे सरकवला, डावा डोळा मिटला, वाचल्यासारखं केलं आणि परत ठेवला. आल्डननं पहिल्यांदाच ते समोरून पाहिलं. खरंच मजेशीर दिसत होतं. "तुझ्याकडे आला होता ना तो, हॅटवाला?"

"आला होता."

"काय सांगितलंस?"

"काही नाही," आल्डन म्हणाला.

कॉनरॅडनं दोन्ही डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. खालून बसचा आवाज आला, मिस ऑर्बॅकच्या टायपिंगची ओळ संपल्याची घंटी वाजली. मग त्यानं चष्मा काढला, त्याच्या काड्या एकेक करून मिटल्या आणि तो वरच्या खिशात ठेवला.

"तू जागा केलीस," तो म्हणाला.

तो उठला. दारापाशी जाऊन थांबला. आल्डनला वाटलं आता तो शिवी देईल, आणि ती ऐकायला त्याचं सगळं अंग आसुसलं.

"लेनोरचे डोळे कसे आहेत?" कॉनरॅडनं विचारलं. त्याचा आवाज अगदी मऊ होता.

"थेंब चालू आहेत," आल्डन म्हणाला. दार मिटलं. तो टेबलापाशी तसाच बसून राहिला, आणि डॉक्टरांकडच्या त्या बाकावर ते दोघं किती जवळ बसले असतील, मासिक कुणाच्या मांडीवर असेल, याचा विचार करू लागला.